दाढेतली वेळ

डॉ. शबाना तांबोळींनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि पेनाच्या टोकाने एक फुगीर जागा दाखवली. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी तिथे जवळजवळ दुप्पट रुंद झाली होती. तिच्या तोंडाशी असलेली झडपही नीट मिटत नव्हती. हा फुगा कधी फुटेल ते सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. उद्या फुटेल, किंवा वर्षभर टिकेलही. पण फुटला तर रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणायलासुद्धा वेळ मिळत नाही. छाती उघडून तेवढा भाग आणि झडप बदलायची, हा एकच उपाय. वयाच्या मानाने प्रकृती चांगली होती. पुढच्या आठवड्यात करून टाकू, असं त्यांनी सुचवलं.

हेमंत उपासनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "श्रावणानंतर करू."

आत्ता कुठे होळी झाली होती. डॉक्टरांनी ऋजुताकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. वडील असं का म्हणताहेत हे तिला ठाऊक होतं, आणि ते डॉक्टरांसमोर बोलायची तिला लाज वाटत होती.

हेमंत उपासनींनी सगळी नोकरी वीज मंडळात अभियंता म्हणून केली, पण नाशिकमध्ये लोक त्यांना ओळखत ते एका वेगळ्याच कामासाठी. जन्मवेळ पक्की नसलेल्या माणसाची खरी वेळ ते शोधून देत. कोणी घरी जन्मलेला असे, कोणी रस्त्यात जीपमध्ये. कोणाच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सने गडबड ओसरल्यावर अंदाजाने आकडा लिहिलेला असे. असा माणूस आला की उपासनीकाका त्याला भविष्य सांगत नसत, प्रश्न विचारत. वडील कधी गेले, हाड कधी मोडलं, पहिली नोकरी कधी लागली, मूल कधी झालं. मग जन्मवेळ थोडी पुढे, थोडी मागे सरकवत ते पाहत राहायचे. आयुष्यातले सगळे मोठे प्रसंग आपापल्या ग्रहदशेत बसले की तीच खरी वेळ. एखादा मोठा प्रसंग बसला नाही तर ते सरळ सांगत, की मला जमलं नाही, दुसऱ्या कोणाला दाखवा.

त्यांची स्वतःची वेळही अशीच शोधलेली होती. पेठ रस्त्यावरच्या एका खेड्यात, माघातल्या थंडीत त्यांचा जन्म झाला. घरात घड्याळ नव्हतं. गुरं सुटायच्या वेळेला झालास, एवढंच त्यांची आई सांगत असे. तरुणपणी दोन वर्षं खपून त्यांनी सकाळी सात पन्नास ही वेळ काढली. पुढे लग्न, ऋजुताचा जन्म, त्यांची पत्नी वृंदा हिचा मृत्यू, सगळं त्या वेळेशी जुळत गेलं. त्या वेळेला पूर्वेला कुंभ रास उगवत होती. कुंभ लग्नाला चंद्र हा रोगाचा स्वामी आणि सूर्य हा मृत्यू देणारा. त्यांना चंद्राची दशा चालू होती, आणि तिच्यातला सूर्याचा सहा महिन्यांचा तुकडा नुकताच सुरू झाला होता. तो श्रावणात संपणार होता. या काळात छातीवर शस्त्र लागलं तर आपण उठणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

घरी आल्यावर ऋजुता त्यांच्याशी भांडली. फुगा श्रावणाची वाट पाहणार नाही, असं तिने वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. ते चिडले नाहीत. तू तुझं शास्त्र मानतेस, मी माझं मानतो, एवढंच म्हणाले.

तिचं शास्त्र हाच बापलेकीतला न बोलला जाणारा विषय होता.

ऋजुता ज्या प्रयोगशाळेत होती तिथे दात वाचले जात. दातावरचं कठीण कवच लहानपणी रोज थोडं थोडं चढतं, आणि प्रत्येक दिवसाची एक बारीक रेषा त्यात राहून जाते, झाडाच्या खोडात वर्षाची कडी राहते तशी. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या शरीराला एवढा धक्का बसतो की त्या दिवसाची रेषा गडद उमटते. दुधाच्या दातांत ती असतेच, पण जन्माच्या सुमारास घडू लागणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेतही पुष्कळदा सापडते आणि म्हातारपणापर्यंत टिकते. हे जुनंच ज्ञान होतं. नवं होतं ते यंत्र. ते एका दिवसाच्या रेषेच्याही आत शिरायचं. आईच्या शरीरातलं दिवसरात्रीचं घड्याळ पोटातल्या बाळालाही लागू असतं, त्यामुळे कवचाचा सकाळचा थर आणि संध्याकाळचा थर यांत सूक्ष्म फरक पडतो. जन्माची गडद रेषा नेमकी कोणत्या थरावर आहे हे पाहून यंत्र जन्माची वेळ सांगे. चूक दहा-पंधरा मिनिटांची.

यंत्र बनवलं होतं बेवारस मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी. पण बातमी फुटल्यावर प्रयोगशाळेच्या दारात वेगळीच गर्दी जमली. आया मुलांचे जपून ठेवलेले दुधाचे दात घेऊन येऊ लागल्या. लग्न जमवणाऱ्या संस्था पत्रिकेसोबत दातावरून काढलेली वेळ मागू लागल्या. किडलेली दाढ काढली की लोक ती खिशात घालून यायचे. उपासनीकाकांनी वेळ काढून दिलेली माणसंही येत. काहींची वेळ जुळे, काहींची चांगलीच चुके. ऋजुताने घरी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि वडिलांनी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे येणारी माणसं मात्र कमी झाली होती.

झडप बदलण्याआधी तोंडात कुठे पू असेल तर तो दात काढावा लागतो. शस्त्रक्रिया नाही तर नाही, निदान दात तरी दाखवू, म्हणून ऋजुता त्यांना घेऊन गेली. खालची एक दाढ सडली होती, ती काढली. घरी येताना गाडीत त्यांनी कापसात गुंडाळलेली दाढ तिच्या हातात ठेवली.

"वाच," ते म्हणाले. "माझ्या वेळेबद्दल तुझ्या मनात किंतु आहे, मला माहीत आहे. तुझं यंत्र जी वेळ सांगेल ती मी मानीन. तिच्याप्रमाणे सूर्याचा काळ संपलेला निघाला, तर लगेच दवाखान्यात भरती होतो. चालू असला तर मात्र तू परत हा विषय काढायचा नाही."

तिने विचारलं, नक्की? ते म्हणाले, शब्द दिला.

तो सौदा तिला सोपा वाटला. खेड्यातली गुरं सुटायची वेळ म्हणजे दोन तासांचा अंदाज. त्यातून केवळ आयुष्यातल्या प्रसंगांवरून कोणी खरी वेळ काढू शकेल हे तिला शक्य वाटत नव्हतं. जन्म पाऊण तासाने जरी उशिरा निघाला, तरी त्यांच्याच गणिताने दशा सहा-सात महिने आधी सरकत होत्या आणि कुंभ लग्नाच्या जागी मीन लग्न येत होतं. मग भीतीचं कारणच उरत नव्हतं.

दाढेचा पातळ काप यंत्रात ठेवून ती समोर बसली. बहात्तर वर्षांच्या चावण्याने दाढेचा माथा झिजला होता, पण आतली रेषा शाबूत होती. यंत्राने थर मोजायला सुरुवात केली. वडील एक वर्षाचे असताना त्यांना मोठा गोवर झाला होता. त्या तापाची ठळक रेषा पुढे सापडली आणि तिथून मागे मोजत यंत्र जन्मापर्यंत आलं. मग पडद्यावर आकडा उमटला.

सात वाजून एकावन्न मिनिटं.

तिने काप पुन्हा ठेवला, दुसऱ्या बाजूने वाचला. सात अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा सात त्रेपन्न. ती खुर्चीत मागे रेलली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वडिलांचा एवढा अभिमान वाटला. आणि त्याच वेळी तिला कळलं की हा आकडा त्यांना सांगितला तर ते मरतील. आकडा खरा म्हणून भविष्य खरं, असं काही नव्हतं. सूर्याचा आणि त्या फुग्याचा संबंध नव्हता. पण हे त्यांना पटवायला तिच्याकडे ना वेळ होता ना शब्द.

ती घरी गेली तेव्हा ते गच्चीत बसून कुंड्यांतली सुकी पानं खुडत होते. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी कुंड्या स्टुलांवर ठेवून घेतल्या होत्या. तिच्या पिशवीकडे पाहून ते म्हणाले, मला कागद नको, तू सांग.

"आठ पस्तीस," ती म्हणाली.

त्यांनी आणखी एक पान खुडलं. मग म्हणाले, "नक्की?"

"रेषा स्पष्ट आहे, बाबा."

त्यांनी हातातली पानं कुंडीत ठेवली. "मग मीन लग्न," ते हळू म्हणाले. "काळ होऊन गेला." थोड्या वेळाने त्यांनी तिलाच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांना आत नेताना ऋजुताने त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्यांचा त्या नव्या वेळेवर विश्वास बसलेला नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. ते फक्त दिलेल्या शब्दासाठी चालले होते. दार बंद झाल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की खरंच ते उठले नाहीत तर? मग सूर्याने नव्हे, तिने मारलं असं होईल. ती तिथे बसून सहा महिन्यांच्या त्या तुकड्याला मनातल्या मनात विनवत राहिली, जो तिच्या मते अस्तित्वातच नव्हता.

दुपारी डॉ. तांबोळी बाहेर आल्या. फुगा आत फाटायलाच लागला होता, त्या म्हणाल्या. आणखी पंधरा दिवस निघाले नसते. आता धोका टळला होता.

ते वाचले, आणि बरे होताना त्यांचं दुसरंच काहीतरी ढासळायला लागलं. बसण्याइतकी ताकद आल्यावर त्यांनी आठ पस्तीसची पत्रिका मांडली आणि आपलं सगळं आयुष्य तिच्यावर घालून पाहिलं. काहीच बसेना. ऋजुता औषध द्यायला गेली की ते लॅपटॉपकडे पाहत असत. एकदा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "या वेळेप्रमाणे तुझी आई तेव्हा जायलाच नको होती. कुठेच नाही तिचं जाणं."

तिने गोळी आणि पाणी त्यांच्या हाताशी ठेवलं.

ते दिवसेंदिवस कमी जेवू लागले. स्वतःची वेळ त्यांनी सर्वांत काळजीने काढली होती. तीच चुकली, तर ज्यांना तासाभरात काढून दिल्या त्यांचं काय, हा विचार त्यांना सोडेना. ज्यांना आपण वेळ दिली त्यांना एकेकाला सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. ऋजुताला वाटलं, बोलण्यापुरतं आहे, जरा बरं वाटलं की विसरतील.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून घरी आली तर ते स्वच्छ सदरा घालून दिवाणखान्यात बसले होते. समोर पाण्याचे पेले मांडले होते. सिन्नरच्या संगीता सोनवणे येताहेत, ते म्हणाले.

ऋजुताला ते कुटुंब आठवलं. चार वर्षांपूर्वी गौरी नावाच्या मुलीचं लग्न मंगळामुळे अडलं होतं. काकांनी तिची वेळ काढली, त्या वेळेला मंगळ निघून गेला, आणि केवळ त्या भरवशावर संगीताबाईंनी तिला सून करून घेतलं. महिन्याभरापूर्वी त्यांच्या मुलाला मोटरसायकलचा अपघात झाला होता. पायात सळई घातली होती, तो अजून अंथरुणावर होता. संगीताबाईंनी फोन करून विचारलं होतं, सुनेच्या पत्रिकेत काही राहून तर गेलं नाही ना, परत बघा.

"काय सांगणार आहात त्यांना?" ऋजुताने विचारलं.

"खरं ते. माझ्या वेळा भरवशाच्या नाहीत. तिला मंगळ असू शकतो."

"मग त्या तिला घरात ठेवतील?"

"ठेवणार नाहीत, असं मलाही वाटतं," ते म्हणाले. "पण माझ्या शब्दावर त्यांनी तिला आणलं. तो शब्द चुकीचा असेल तर मी गप्प कसा राहू?"

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ऋजुता त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, दाढेत सात पन्नासच आहे."

त्यांना कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच आलं. तुम्ही तयार झाला नसता, म्हणून मी आठ पस्तीस सांगितलं.

क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला, की तो तिला पाहवेना. पन्नास वर्षांपूर्वी एका तरुण माणसाने नुसत्या आठवणींवरून काढलेली वेळ बरोबर होती. मग तो उजेड विझला. तू माझ्याशी खोटं बोललीस, ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मी शब्द दिला होता, आणि तू त्याचा असा उपयोग केलास. मरायचं की नाही हे ठरवायचा हक्क माझा होता. आपल्याला पश्चात्ताप झाला आहे असं तिला म्हणता येईना.

जिन्यात पावलं वाजली. ते अजून तिच्याकडेच पाहत होते, पण आता दुसरंच काहीतरी त्यांच्या ध्यानात येत होतं.

"म्हणजे मी सूर्याच्या काळातच टेबलावर होतो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तो काळ अजून चालू आहे."

"हो, बाबा."

दारावरची बेल वाजली.

संगीता सोनवणे साठीच्या, सडपातळ बाई होत्या. मुलाच्या जागरणांनी त्यांचे डोळे ओढले होते. गौरीही बरोबर आली होती. ती सासूच्या मागे, कोचाच्या टोकाला बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. संगीताबाईंनी पाणीही घेतलं नाही. फोनवर काका म्हणाले होते की वेळेबद्दल काही सांगायचं आहे. ते काय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

काकांनी पुढ्यातला पेला बाजूला सारला. ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला आत जाता येईना आणि बाहेरही येता येईना.

"संगीताताई, माझंच सांगतो," ते म्हणाले. "माझी जन्मवेळ मी काढली होती. ती अगदी बरोबर आहे, हे दाढेवरूनही सिद्ध झालंय. त्या वेळेप्रमाणे होळीपासून श्रावणापर्यंत माझ्यावर मरणाचा काळ आहे. या काळात शस्त्र लागलं तर मी उठणार नाही, असं माझं ठाम गणित होतं. शस्त्र लागलं. कसं ते विचारू नका. पण मी तुमच्यासमोर बसलोय."

संगीताबाई म्हणाल्या, "ते देवाच्या कृपेने, काका. पण गौरीचं काय? मंगळ आहे का नाही?"

"माझ्या हिशोबाने नाही. माझ्याकडून वेळ चुकलेलीही असू शकेल. काहींच्या चुकल्या असतील." ते थोडं थांबले. त्यांना दम लागला होता. "पण असता, तरी तिच्या मंगळाने तुमच्या मुलाचा पाय मोडला, असं मला आता म्हणता यायचं नाही. माझी वेळ मिनिटाला बरोबर होती, आणि तरी तिच्यावरून काढलेलं माझं मरण चुकलं. जे मला स्वतःबद्दल कळलं नाही, ते दुसऱ्याच्या लेकीबद्दल मी सांगणार नाही."

संगीताबाई काहीशा नाराज दिसल्या. एवढ्या लांबून आल्याचं काही हाती लागलं नाही, असा त्यांचा चेहरा झाला. निफाडला एक गुरुजी आहेत, त्यांना विचारते, असं पुटपुटत त्या उठल्या. दाराशी मात्र त्यांनी मागे वळून गौरीला सांगितलं की पाय उचल, बस चुकेल, त्याचं आठचं इंजेक्शन आहे, आणि तुझ्याशिवाय तो ते कोणाला टोचू देत नाही. गौरी उठली. ऋजुताजवळून जाताना तिने वर पाहिलं.

त्या संध्याकाळनंतर काका लेकीशी जेवढ्यास तेवढंच बोलत. औषध घेत, धन्यवाद म्हणत, परक्या माणसाला म्हणावेत तसे. ऋजुताने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना झालेलं सगळं स्वतःहून सांगितलं. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. अहवाल दिलेला नाही, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. पण जन्मवेळा वाचायचं काम तिने आपणहून सोडलं आणि ती बेवारस मृतदेहांच्या विभागात परत गेली. तिथे तिच्या आकड्यावर कोणाचं पुढचं आयुष्य अवलंबून नव्हतं.

श्रावण आला. दोघंही एकेक दिवस मोजत राहिली. तो काळ संपायचा होता तो दिवसही आला आणि गेला. वडील नेहमीप्रमाणे उठले, दाढी केली, कुंड्यांना पाणी घातलं. लोक पुन्हा त्यांच्याकडे येऊ लागले होते. वेळ ते अजून काढून देत, तासन् तास बसून, पूर्वीपेक्षाही जास्त प्रश्न विचारून. पुढे काय होईल असं कोणी विचारलं तर ते हात जोडत.

भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी दोघं जेवायला बसली होती. ऋजुताने त्यांना आमटी वाढली. त्यांनी घास घेतला नाही.

"मी टेबलावरच गेलो असतो, तर काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न तिने बाहेरच्या त्या बाकावर बसून स्वतःला विचारला होता, आणि त्याचं उत्तर तिला तेव्हापासून माहीत होतं. तिने वाटी खाली ठेवली.

"तर मी तुमचं भविष्य खरं मानलं असतं, बाबा," ती म्हणाली. "जन्मभर. तुम्हाला मी मारलं, हे मानणं मला झेपलंच नसतं."

ते तिच्याकडे पाहत राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलं होतं.

"मग एवढ्यासाठी तरी राहिलो ते बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी भात कालवायला घेतला.